अकोल्याच्या गारा

अकोल्याच्या सिग्नलरनं गाडीचा निरोप मध्येच तोडला आणि कळवलं, "गारा पडताहेत. लिंबाएवढ्या." मी तारघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. वर्ध्याला लख्ख ऊन होतं. प्लॅटफॉर्मवर हमाल सदरे काढून बसले होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. मी वर्धा स्टेशनवर सिग्नलर होतो. गावातले लोक तारबाबू म्हणत. टेबलावर एक पितळी दांडी असे. ती दाबून लांब-आखूड ठोके पाठवायचे. शेजारी साउंडर नावाचं यंत्र. दूरच्या स्टेशनावरून आलेले ठोके त्यावर कट्ट-कट्ट वाजत. ते कानानं ऐकायचे आणि अक्षरं लिहून काढायची. वर्ध्याला मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही रस्ते भेटतात. त्यामुळे कुठली गाडी कुठं अडली आणि का अडली, हे आम्हाला खुर्चीत बसून कळे.

त्या साली पौष महिनाच बिघडला होता. पौषात आमच्याकडं थंडी बोचरी आणि हवा कोरडी. त्या भरवशावर लोक सगळं उघड्यावर ठेवतात. कापसाच्या बैलगाड्या सरकी काढायच्या जिनिंगसमोर रांगेत असतात, तूर कापून पडलेली असते, खळ्यावर ज्वारीची मळणी चालू असते. पण तो महिना निराळा निघाला. उत्तरेत पाऊस आणि धुकं, म्हणून दिल्लीची गाडी रोज उशिरा. मद्रासकडं पावसाळा संपून गेला तरी रुळांवर पाणी. मुंबईकडचा सिग्नलर म्हणे, थंडीनं बोटं वळत नाहीत. आम्ही त्याला हसत होतो, कारण वर्ध्यात थंडी नव्हतीच. सकाळी अंगाला चिकट घाम यायचा.

दोनदा भुसावळनं पावसाची खबर दिली होती. दोन्ही वेळा आमच्याकडं नुसतं आभाळ भरलं आणि रिकामं निघून गेलं. म्हणून अकोल्याचं ऐकून मी उठलो नाही. पण थोड्या वेळानं बडनेरा बोललं. तिथंही गारा. सकाळी भुसावळनंही गारा कळवल्या होत्या, मग अकोला, आता बडनेरा. मालगाडी एकेक स्टेशन सोडत यावी तसं ते रुळाच्या कडेनं आमच्याकडं येत होतं.

मी आमच्या चीफ सिग्नलरकडं, वैद्यसाहेबांकडं गेलो.

"साहेब, जिनिंगसमोर गाड्या उभ्या आहेत. लोकांना सांगून येऊ का?"

"काय सांगणार? पाऊस येणार म्हणून?"

"हो."

"आणि नाही आला तर? रेल्वेनं सांगितलं म्हणून आमचं नुकसान झालं, असं म्हणतील. बोरकर, आपण सिग्नलर आहोत, वेधशाळा नाही."

"पण बडनेऱ्याला गारा पडल्या, एवढं तर खरं आहे ना साहेब?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ते खरं आहे," म्हणाले आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी शेजारच्या सिग्नलरला जागेवर बसवलं आणि बाहेर पडलो.

जिनिंगच्या रांगेत नथ्थूजी होते. पवनारच्या पुढं, सेलूच्या वाटेवर त्यांचं गाव. त्यांची माझी हंगामाहंगामाची ओळख. गाडीच्या सावलीत बसून ते भाकर खात होते.

"नथ्थूजी, अकोल्यात गारा पडल्या. बडनेऱ्यातही पडताहेत."

त्यांनी वर पाहिलं. "अन् इथं असं ऊन? तारबाबू, मांगच्या खेपेले आभाळ भरलं तरी आला नाई. आज काऊन येईन?"

"येईल की नाही ते मला सांगता येत नाही. तिथं पडल्या, एवढंच सांगतो."

घास त्यांच्या हातातच राहिला. गाडीवर ताडपत्री होती, त्यामुळे कापसाची काळजी नव्हती. पण घरी खळ्यावर अर्धी मळलेली ज्वारी पसरलेली. यमुनाबाई, त्यांच्या घरच्या, एकट्या तिथं. मळणीचे बैल चुलतभावाचे, त्याच दिवसापुरते मिळालेले. मळणी आज थांबवली तर बैल त्याच्या खळ्यावर जाणार, मग पुन्हा कधी मिळतील याचा नेम नाही. आणि गारा आल्या तर वर्षाचं धान्य चिखलात.

"सांगा बाप्पा, काय करू?" ते म्हणाले.

ते ठरवणं माझं काम नव्हतं. नथ्थूजी उठले, पाणी प्यायले. म्हणाले, "झाकाले सांगा. पन निरोप नेईन कोन?"

सेलूकडं जाणारी बस अजून सुटायची होती. ड्रायव्हर रामटेके माझ्या ओळखीचे. त्यांना सगळं सांगितलं.

"एकट्या नथ्थूजीच्याच घरी काऊन?" रामटेके म्हणाले. "रस्त्यानं जेवढे खळे दिसतीन, तेवढ्याइले सांगत जातो."

"पण पाऊस येणारच असं सांगू नका. अकोल्यात पडला, बडनेऱ्यात पडला, एवढंच सांगा."

"समजलं."

मी जागेवर परतलो. ऊन उतरता उतरता पुलगावला एक निरोप पाठवत होतो. तिकडचा सिग्नलर पुन्हा पुन्हा विचारत होता, परत सांग, परत सांग. शेवटी त्यानं कळवलं, "ऐकू येत नाही. पत्र्यावर गारा." त्याच्या साउंडरची कट्ट-कट्ट त्याला छपराच्या आवाजात ऐकू येत नव्हती. नंतर आमच्याही छपरावर तसंच झालं आणि मी हात दांडीवरून काढून घेतला.

दोन दिवसांनी सेलूच्या एका मोठ्या शेतकऱ्याची तक्रार आली. तिथं थेंबही पडला नव्हता. रेल्वेच्या माणसानं अफवा पसरवली आणि आमची मळणी बुडाली, असं त्यांचं म्हणणं. वैद्यसाहेबांनी मला बोलावलं.

"तू पाऊस येणार म्हणालास?"

"नाही साहेब. अकोल्यात पडला म्हणालो."

"बरं," ते म्हणाले आणि उत्तर लिहायला बसले. त्या उत्तरात काय होतं ते मला कधी कळलं नाही. पुढं कुणी विचारलंही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी नथ्थूजींच्या गावी गेलो. खळ्यावर कडब्याखाली ज्वारीचा ढीग कोरडा होता. यमुनाबाईंनी आणि शेजारणींनी मिळून तो झाकला होता. वाटेतल्या बऱ्याच खळ्यांवर असंच झालं होतं. मला फार बरं वाटलं.

"वाचलात नथ्थूजी!" मी म्हणालो.

"जवारी वाचली," ते म्हणाले. "चाला, तुमाले वावर दाखवतो."

ओंबीवर आलेला गहू जमिनीला चिकटून आडवा झाला होता. हरभऱ्याचे घाटे मातीत झडून पडले होते. ते बांधावर बसले. आवाजात राग नव्हता.

"खबर टाइमावर आलती, तारबाबू. पन गव्हाले कायनं झाकाव?"

मग यमुनाबाईंनी जेवायला हाक मारली.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत वाईट हवेची खबर कानावर आली की ती बाहेर पोचवायची घाई मी नेहमी केली. बातमी वेळेवर पोचली की उचलता येईल तेवढं वाचतं. शेतात उभं असेल ते गारांखालीच राहतं. म्हणून त्यानंतर कुणाचंही शेत पाहिल्याशिवाय मी त्याला वाचलात असं म्हटलं नाही.