बाबांचा पालथा कप

आमच्या घरात चहाला कुणी चांगला म्हणत नाही. वाईटही म्हणत नाही. पिऊन झाला की कप बशीत पालथा घालायचा, म्हणजे बस झालं. चहा खरंच जमला असेल तर कप सरळ ठेवून बोटानं जरासा पुढे सरकवायचा, मग आणखी अर्धा कप मिळतो. तो अर्धा कप हीच काय ती दाद. पाहुण्यांना हे माहीत नसतं. बिचारे सवयीनं कप सरळ ठेवतात आणि नको असताना दुसऱ्यांदा चहा पिऊन जातात.

ही रीत हातमागावरची. नागपुरात तांडापेठेत आजोबांचे चार माग होते. खोलीत दिवसभर सुताचे तंतू उडायचे. रिकामा कप सरळ ठेवला तर थोड्या वेळात त्याच्या तळाशी कापूस जमायचा, म्हणून पालथा. आणि चहा कोरा, कारण घरात येणारं दूध पोरांनाच पुरायचं नाही. पुढे माग गेले. बाबा शिकले आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला लागले. घरी दुधाची पिशवी रोज यायला लागली, तरी बाबांचा चहा कोराच राहिला आणि कपही पालथाच. फक्त आईच्या हातच्या चहाला रोज सकाळी तो पुढे सरकायचा. आईसुद्धा काही बोलायची नाही, पण अर्धा कप आधीच गंजात शिल्लक ठेवलेला असायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

मीही याच कोऱ्या चहावर वाढले. मे महिन्यात बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना आम्ही आत बसून आल्याचा कढत चहा प्यायचो आणि त्यानं गारवा येतो असं एकमेकांना सांगायचो.

मग मिहान या नागपूरच्या उद्योगनगरीतल्या नोकरीनं मला दोन वर्षांसाठी जर्मनीत पाठवलं. त्या दोनाची नऊ झाली. तिथेच लग्न झालं. नवरा मराठीच, पण कॉफी पिणारा. बाकी माणूस चांगला आहे.

तिथे चहा कशाला म्हणतील याचा नेम नाही. पुदिना चहा, सुकी फुलं चहा, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडीसुद्धा चहा. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी चहा मागितला तर कोमट पाण्यात भिजलेलं गवत हातात आलं. काळ्या चहाच्या पुड्या मिळायच्या, पण त्या कितीही बुचकळल्या तरी कपात रंग यायचा, चहा यायचा नाही. मी दोन-तीन वर्षं कुरकुर केली, मग सोडून दिली. चहाच्या बाबतीत मन मारायचं ठरवलं की परदेश बराच सोपा होतो.

आई गेल्यावर बाबा एकटे राहायला लागले. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. ज्या दवाखान्यात त्यांनी हजारो लोकांच्या हाडांचे फोटो काढले, तिथेच जाऊन स्वतःचा काढून घेतला. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. मी फोनवर भांडले, रडले, आणि शेवटी प्लास्टर निघाल्यावर तीन महिन्यांसाठी माझ्याकडे यायला त्यांना राजी केलं. तीन महिने हे फक्त त्यांना सांगायला. मला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. पुढे तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, पाहू. नागपूरकडचा माणूस पाहू म्हणाला की तो हो असतो की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

येताना त्यांनी अर्धा किलो चहा आणला, इतवारीतल्या त्याच दुकानातून जिथून आई आणायची, अर्धी पत्ती अर्धी बारीक, समोर मिसळून घेतलेला. मी म्हटलं, झालं आपलं काम. पहिल्या सकाळी मी लग्नानंतर इकडे आणलेला आईचा गंज काढला, आलं ठेचलं, साखर, पत्ती, उकळी, वर झाकण, सगळं रीतसर. गाळला तर चहा मळकट तपकिरी, आणि वर पातळ तवंग. बाबांनी काचेचा कप उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आयुष्यभर एक्स-रेच्या फिल्म अशाच पाहिल्यात त्यांनी. मग सगळा चहा प्यायले आणि कप पालथा घातला.

माझा पहिला संशय मिरचीवर गेला. बाबांनी त्याच बॅगेत भिवापूरच्या मिरचीचं तिखटही आणलं होतं, आणि चहा कुठलाही वास पटकन धरतो. मी पत्ती ताटात पसरून दोन दिवस खिडकीत ठेवली. कप पालथाच. मग मी बाजारात उतरले. तुर्की दुकानातला चहा आणला, इराणी आणला, स्टेशनजवळच्या श्रीलंकेच्या माणसाकडून बारीक दाण्यांचा आणला. दर शनिवारी नवा डबा आणि दर रविवारी पालथा कप. शेवटी गावातल्या जुन्या पेठेत एका उंची दुकानातून दार्जिलिंगची लांब लांब पानं आणली. दुकानदारानं बजावलं होतं की ही उकळायची नाहीत, तीन मिनिटं नुसती भिजवायची. मी घरी येऊन आल्यासकट दहा मिनिटं खळखळ उकळली. त्यानं पाहिलं असतं तर पोलीस बोलावले असते. औषधी काढ्यासारखं जे काही तयार झालं तेही बाबा निमूट प्यायले.

एकदा मी चिडून विचारलं की नेमकं काय कमी पडतं ते तरी सांगा. ते म्हणाले, काही नाही, पितो ना मी. यावर भांडायचं तरी कसं? माझ्या मनानं एव्हाना घेतलं होतं की ज्या दिवशी कप पुढे सरकेल त्या दिवशी बाबा इथे राहायला तयार होतील. वेडेपणा होता, पण त्यांच्या खोलीत आरशाला खोचलेलं परतीचं तिकीट रोज दिसायचं आणि दिवस भराभर चालले होते.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहायच्या. त्या मूळच्या उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या. त्यांनी बाबांना जिन्यात दोन-चारदा पाहिलं आणि एका दुपारी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मी बाबांना वाटेतच सांगून ठेवलं की फुलांचा निघाला तरी तोंड वाकडं करायचं नाही. आजींनी कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकला आणि त्यावर चहा ओतला. खडा तडतडला. चहा लालभडक, आरपार. वर साय सोडायला निघाल्या तर बाबांनी कपावर हात धरला. कोराच प्यायले. आणि कप बोटानं पुढे सरकवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. दोन महिने मी गावभर पायपीट केली आणि इथे परक्या बाईनं पहिल्याच फटक्यात मैदान मारलं. बाबा तीन कप प्यायले. मग त्यांनी कप पालथा घातला. आजी त्या कपाकडे बघतच राहिल्या. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपात चमचा उभा करून दाखवला. त्यांच्या माहेरी चमचा कपात ठेवला की बस, तोवर यजमान ओततच राहतो. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण एकाचा पालथा कप आणि दुसरीचा चमचा बघून दोघं पोटभर हसले.

चहा कुठला म्हणून विचारलं तर आसामचा. इतवारीचाही तोच. मग घोडं पेंड कुठे खात होतं? आजींनी विचारलं, पाणी कसलं घेतेस? मी म्हटलं, नळाचं. त्यांनी कपाळाला हात लावला. इथल्या पाण्यात चुना असतो, चहा त्यात मरतो, त्या स्वतः चुना अडवणाऱ्या गाळणीच्या जगमधून गाळल्याशिवाय आधणच ठेवत नाहीत. घरी येऊन मी माझ्या केटलीत डोकावले. आतून चुन्याचा हात दिल्यासारखी पांढरी. ती मी नऊ वर्षं रोज पाहत होते आणि नऊ वर्षं पत्तीलाच शिव्या देत होते.

दुसऱ्याच दिवशी गाळणीचा जग आणला. त्याच्या पुढच्या सकाळी आईचा गंज, इतवारीची पत्ती, गाळलेलं पाणी. बाबांनी कप उजेडात धरला. पलीकडची खिडकी लाल होऊन स्वच्छ दिसत होती. प्यायले. कप पुढे सरकला. मी अर्धा कप ओतला.

"जमला," बाबा म्हणाले. आमच्या घरात हा शब्द चहाबद्दल मी पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाले, "आता मी तारखेले जातो वं माय."

मी म्हटलं, "आत्ता कुठे जमला, अन् आता काहून जाता?"

"काहून म्हणजे? नऊ वर्षं झाले, पोरीले सकाळचा धड चहा भेटत नाही, अन् मी तिकडं रोज पिऊन राहिलो. तेच मनाले लागलं होतं. आता तुले जमलं. मले काळजी नाही."

म्हणजे दोन महिने जीव तोडून मी त्यांच्या परतीचीच तयारी करत होते. मी फ्रिज उघडून त्यात तोंड घातलं आणि रडले. बाबांना कळलं असणार, पण ते खिडकीबाहेर बघत उरलेला अर्धा कप संपवत राहिले. तारखेला ते गेले. जाताना उरलेली पत्ती मला ठेवून गेले.

या हिवाळ्यात मी तीन आठवड्यांसाठी नागपूरला आले होते. बाबा आता स्वतःच चहा करतात. मला गॅसजवळ येऊ देत नाहीत. मनगट अजून पुरतं वळत नाही, म्हणून गंज फडक्यात धरून दोन्ही हातांनी उचलतात आणि सावकाश ओततात. रोज सकाळी ते ओतेपर्यंत मी श्वास धरून बसायचे. रोज कप पुढे सरकवायचे, कारण चहा खरंच आईसारखा होत होता.

निघायच्या दिवशी सकाळीही तसाच झाला होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पण आज कप पुढे सरकवला असता तर त्याचा अर्थ एकच झाला असता, की तुमचं जमलंय, आता मला काळजी नाही, मी जाते. मी कप पालथा घातला.

बाबांनी त्या कपाकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिली तू," ते म्हणाले.

मग त्यांनीच माझा कप उचलून सरळ केला, आणि दोन्ही हातांनी गंज धरून त्यात अर्धा कप ओतला.