एक दात लागला तर मैदान बंद!

कुत्र्याचे केस आणि कुत्र्याचे किस्से, दोन्ही कितीही झाडा, संपत नाहीत. आता घरात कुत्रा नाही, तरी जुन्या स्वेटरला एखादा केस चिकटलेला सापडतोच. किश्श्यांचं तसंच. सोसायटीत कुणी आपला कुत्रा फिरवताना दिसला की मला एक आठवतो, मग त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. सून म्हणते, "बाबा, एकदा लिहून टाका, म्हणजे आम्ही सुटलो!" म्हणून लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ बघायचंय त्याने दुसरीकडे जावं.

साठ-सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. माझे दोन दोस्त. एक कर्णिक, मुलुंडचा, बँकेत कारकून. कुत्र्यावरची इंग्रजी पुस्तकं वाचायचा आणि आम्हाला वात आणायचा. दुसरा पास्कल, मरोळ गावठाणातलाच, घरची भातशेती. तिघांना एकच वेड, अल्सेशियन! शेफर्ड कुत्र्याला तेव्हा सगळे अल्सेशियनच म्हणायचे.

त्यात दोन जाती धरा. एक शोचा, म्हणजे प्रदर्शनातला. पाठ उतरती, केस चकचकीत, फोटोत राजबिंडा. दुसरा कामाचा. दिसायला कोल्हा, पण डोकं जागेवर. आम्हाला कामाचा पाहिजे होता, ट्रायलसाठी. ट्रायल म्हणजे कुत्र्यांची परीक्षा. पट्ट्याशिवाय मालकाच्या पायाला पाय लावून चालायचं, एका शब्दावर बसायचं, फळीवरून उडी मारायची. शेवटी एक माणूस हाताला गोणपाट गुंडाळून अंगावर येतो, त्याचा तो हात पकडायचा आणि "सोड" म्हटलं की त्याच क्षणी सोडायचा. पकडायला कुठलाही कुत्रा शिकतो हो. सोडायला जातिवंत रक्त लागतं!

सराव कुठे करायचा? पास्कलच्या शेतात. भात कापलं की पावसाळ्यापर्यंत शेत मोकळं. पण शेत त्याच्या आईच्या नावावर. फिलू मावशी. कंबरेला कोयता, तोंडात त्याहून धारदार जीभ. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या शेतात एका जरी मानसाला दात लागला ना, तर दुसऱ्या दिवशी वांगी लावीन. मंग बसा कुत्र्यांना वांगी हुंगवत!"

आणि मावशी बोलली की बोलली. दुसरं मैदान मिळणार नव्हतं. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे कारखान्यांच्या शेड उठत होत्या. म्हणून एक चुकीचा कुत्रा निवडला की आमचा सगळा खेळ खलास! सरावाला माझा एक डोळा कुत्र्यावर आणि दुसरा मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारावर. 

* * *

कर्णिकच्या पुस्तकात लिहिलं होतं, पिलाचा स्वभाव बघायचा तर त्याच्यामागे अचानक मोठा आवाज करा. दचकून पळालं आणि परत आलंच नाही, तर ते भित्रं. आणि भित्रा कुत्रा मोठा झाला की चावतो. हे मात्र खरं आहे. धीट कुत्रा आधी बघतो.

मुलुंडला एका पेन्शनर सुभेदाराकडे पिलं झाली होती. गेलो. पिलं अंगणात खेळत होती. सुभेदार आत कपडे बदलायला गेला, तेवढ्यात कर्णिकने फरशीवर ताट आपटलं. धाडकन!

एकही पिल्लू पळालं नाही. उलट सगळीच्या सगळी ताटाकडे धावली. एकमेकांच्या डोक्यावरून!

कर्णिकच्या डोळ्यांत पाणी आलं. "गावडे, असं वेत जन्मात बघायला मिळत नाही. अरे, हे वाघ आहेत, वाघ!" सगळ्यात पुढे आलेलं पिल्लू त्याने लगेच छातीशी धरलं.

तेवढ्यात सुभेदारीण बाहेर आली, हातात दूधपोळीचं पातेलं. "अरे, अभी तो खिलाया था! फिर से थाली किसने बजाई?"

तो वाघ कर्णिककडे बारा वर्षं राहिला. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. ताट वाजलं की बाहेर!

* * *

घाटकोपरचे शहा शेठ कापडवाले. कुणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला. आले ते मोठा थोरला अल्सेशियन घेऊनच. बघितला आणि मनात आलं, एवढा दांडगा कुत्रा बिथरला तर वांगीच लागणार.

म्हटलं, आधी परीक्षा. पास्कलने त्याच्यामागे रॉकेलचा रिकामा डबा बडवला. कुत्रा ढिम्म. मी फटाका लावला. आंब्यावरचे कावळे उडाले, मावशी दारात आली, कुत्रा जांभई देतोय!

कर्णिक म्हणाला, "काय नर्व्ह आहे! असा कुत्रा पोलिसांकडेही नसेल." शेठ फुलून गेले. "मी नव्हतो सांगत? खानदानी छे!"

मग शेठनी हाक मारली. "सीझर, बेस!" सीझर बसला नाही. "सीझर! अहीं आव!" सीझर आला नाही. शेठ ओरडून ओरडून लाल झाले, तो आपला लांब बघतोय.

पास्कल त्याच्या कानाशी वाकला, टाळी वाजवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "गावडे, ह्याला काय बी ऐकू येत नाय रे."

 शेठनी घाम पुसला. "बराबर. पण आवाजाच्या टेस्टमध्ये तर पास झाला ना?"

* * *

तरी शेठ दर रविवारी सीझरला घेऊन यायचेच. एक दिवस पेंढ्याच्या उडवीमागून त्यांची किंकाळी आली. "मरी गयो! चावला, चावला!"

आम्ही धावलो. शेठ एका पायावर, धोतराला रक्त. सीझर शेजारीच. मावशी आमच्याही आधी पोचली. मी मनात म्हटलं, संपलं. पास्कलने तर छातीवर क्रूस केला.

मावशीने शेठचं धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. शेठ लाजेने अर्धे झाले. तिने जखम नीट बघितली, बोटाने दाबली, शेठ परत ओरडले.

"हा दात नाय," ती म्हणाली. "ही चोच हाय. माझा कोंबडा हाय ह्यो."

कर्णिकला राहवलं नाही. "म्हणजे मैदान चालू ना, मावशी?"

"चालू. कोंबड्याचं मी काय बोलली नव्हती."

* * *

पास्कलचं म्हणणं वेगळं. "पिल्लू बघू नको, आई बघ. आई शांत तर पोर शांत." आता ज्याची आई फिलू मावशी, त्याने हे म्हणावं!

बोरीवलीला, जंगलाच्या कडेला एका ठेकेदाराचा बंगला होता. त्याच्याकडे कामाच्या रक्ताची कुत्री व्याली होती. आम्ही गेलो तेव्हा ठेकेदार मालाडला गेलेला. गड्याने फाटक उघडलं, "बसा, येतीलच," म्हणाला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेला.

कुत्री आली. भुंकली नाही. आम्हाला हुंगलं, शेपूट हलवली. व्हरांड्यात नेलं म्हणा ना! पिलांना उचललं तरी काही नाही. पास्कल म्हणाला, "बघ! हिला म्हनतात स्वभाव. देवमानूस हाय ही!"

बराच वेळ झाला, ठेकेदार येईना. म्हटलं, परत येऊ. आम्ही उठलो. कुत्रीपण उठली. पायरीवर जाऊन आडवी उभी राहिली आणि घशातून एकच आवाज काढला. मोठा नाही. पण आम्ही परत बसलो.

दुपार गेली. उन्हं कलली. कर्णिकला लघवीला लागली होती, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर. जरा ढुंगण उचललं की तोच आवाज. कर्णिक कुजबुजला, "पुस्तकात आहे हे. नजर द्यायची नाही." पास्कल म्हणाला, "तुजं पुस्तक दे तिला, बसंल वाचत!"

संध्याकाळी ठेकेदार आला. आमची दशा बघून म्हणाला, "अरे! आत येताना तिने काही केलं नाही ना?"

"नाही हो!"

"तेच तर. येणाऱ्याला ती कधीच काही करत नाही!"

पण तेवढ्या वेळात मी एक पिल्लू हेरून ठेवलं होतं. बारकी मादी, माझ्या बुटाची नाडी ओढत बसलेली. मी जमिनीवर जोरात हात आपटला. दचकली, मागे सरली, माझ्याकडे बघितलं. मग येऊन हात हुंगला आणि परत नाडी धरली. घाबरली, पण सावरली. राग धरला नाही, नाडीपण विसरली नाही. कर्णिकची सगळी पुस्तकं एवढ्यासाठीच होती! तिला घरी आणली. नाव बिजली.

* * *

पुढे स्वभाव ओळखणारा म्हणून माझं नाव झालं. इतकं, की वर्कशॉपमधला आमचा फिटर सावंत एक दिवस म्हणतो, "गावड्या, पोरीक बघूक येतत रविवारी. तू जरा झिलाचो स्वभाव बघून सांग मरे."

म्हटलं, मी कुत्रे बघतो, जावई नाही. पण सावंत ऐकेना. गेलो. मुलगा टेरिलिनचा शर्ट घालून पोहे खात बसलेला. मी पाणी प्यायलो आणि स्टीलचा तांब्या त्याच्यामागे टाकला. खणणण!

मुलगा हातभर उडाला. पोहे त्याच्या बापाच्या टोपीवर. सावंतची बायको डोळ्यांनी मला खाऊन टाकते आहे. मुलगा मात्र एकदा मागे वळला, तांब्या उचलून मला दिला, बापाची टोपी झटकली आणि उरलेले पोहे खायला लागला.

सावंतने मला गॅलरीत ओढला. "बोल, काय तां?"

"भित्रो असा," मी म्हटलं. "पण सावरता लवकर. देऊन टाक!"

संसार झकास झाला. मला मात्र लग्नाला बोलावलं नाही.

* * *

आता शेवटचा. बिजली तयार झाली होती. आणि त्या वर्षी ट्रायल पहिल्यांदाच उपनगरात ठरली, आमच्याच शेतात! कुलाब्याकडचे साहेब लोक गाड्या घेऊन येणार. मावशीला तयार करायला पास्कलचा जीव गेला होता. "पन लक्षात ठेव," ती म्हणाली होती. "दात लागला तर साहेब नाय आनि कुत्रा बी नाय."

आदल्या दिवशी सकाळी शेवटचा सराव. पास्कलने उजव्या हाताला गोणपाट बांधलं आणि आरडाओरडा करत अंगावर आला. मी बिजलीला सोडली. गेली ती गोळीसारखी! पकड अशी बसली की बांधलेली सुतळी तुटली, गोणपाट निसटून खाली आणि दुसरी पकड थेट पास्कलच्या उघड्या हातावर.

"सोड!"

शब्द संपायच्या आत सोडलं. खाली बसली. माझ्याकडे बघायला लागली.

तिने चूक केली नव्हती. पण दात लागला होता. पास्कलचा हात बघितला, खाली दोन खड्डे, वर दोन खड्डे, रक्त येतंय.  इतक्या वर्षांत नेमका उद्या ट्रायल असताना, नेमका मावशीच्या पोराला!

हात पंपावर धुतला. जखम झाकायला कर्णिकने आपला बँकेचा कोट काढून पास्कलच्या अंगात घातला. उन्हाळ्यात काळा कोट! तेवढ्यात दारातून हाक आली, "जेवाया या रे!" नाही म्हणायची सोय नव्हती. सरावानंतर मावशीची भाकरी आणि सुकट ठरलेली.

बसलो. मावशी भाकरी वाढता वाढता थांबली.

"पास्कल, डाव्या हातान कवापासून खाया लागला?"

"हात लचकला, माय," पास्कल म्हणाला.

"तार लागली, मावशी," कर्णिक म्हणाला. दोघं एकदमच!

मावशीने कर्णिककडे बघितलं, मग पास्कलकडे.

"तार लागली," पास्कल म्हणाला, "तवा लचकला."

"कुठची तार?"

"कुंपणाची," कर्णिक.

"माज्या शेताला कुंपन नाय."

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.  "आमच्या वर्कशॉपमधली, मावशी. गंजकी. मीच आणलेली."

मावशी पास्कलजवळ आली, कोटाची बाही वर सारली.  ती बघत राहिली. खालचे दोन, वरचे दोन. मग तिने दाराबाहेर बघितलं. आंब्याखाली बिजली बांधलेली, पुढच्या पायांवर तोंड ठेवून आमच्याकडेच बघत होती.

मावशीने चुलीवरचं गरम पाणी घेतलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि त्या पाण्याने पास्कलचा हात धुवायला लागली. पास्कलने ओठ दाताखाली धरला. फडकं बांधताना तिने मान वर न करता मला विचारलं,

"गावडे, त्या तारेला सुया टोचल्यात ना रे?"

"हो, मावशी," मी म्हटलं. "गेल्याच महिन्यात टोचून आणली."

"मंग उद्या तारेला लवकर आन," मावशी म्हणाली. "सायेब लोक यायच्या आदी जरा चालवून घे."