हवाई सुंदरी आणि वाळ्याचा घागरा

माझ्या यादीतून शब्द गळत नाही. घरात लग्न असो, सहल असो किंवा कुणाला दवाखान्यात भरती करायचं असो, नातेवाईक आधी मला फोन करतात, कारण माझ्या यादीत ब्लाउजच्या हुकांपासून पाण्याच्या पिंपाच्या झाकणापर्यंत सगळं असतं. आजवर एकच शब्द राहिला, तोही मी राहू दिला म्हणून. तो शब्द होता 'बेटावरची'.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आठवीत होते. आम्ही प्रताप नगरात राहायचो. एकाच प्लॉटवर घराचे दोन भाग होते, एका भागात आम्ही आणि दुसऱ्यात काका-काकू. त्यांची मुलगी माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, माझ्याच वर्गात. आमच्या फ्रॉकचं कापड गांधीबागेतल्या एकाच दुकानातून, एकाच ताग्यातून यायचं. शिंपीही एकच. तरी तो फ्रॉक माझ्या अंगावर शाळेचा गणवेश वाटायचा आणि तिच्या अंगावर फ्रॉक वाटायचा. याचं कारण मी पुष्कळ शोधलं. शिवणी उलटून पाहिल्या. शिवणीत काही फरक नव्हता.

आदल्या दिवाळीत त्या कापडवाल्याने कॅलेंडर दिलं होतं. एरवी त्याच्या कॅलेंडरवर लक्ष्मी असायची. त्या वर्षी निळा समुद्र होता, वाकलेलं नारळाचं झाड होतं आणि झाडापुढे गवताचा घागरा घातलेली एक बाई होती. गळ्यात फुलांची माळ, कानामागे लाल फूल, एक हात कमरेवर, दुसरा लांब केलेला. खाली छापलं होतं, 'हवाई बेटावरची नर्तकी'. चित्रकाराने हवाई बेट पाहिलं नसणार, कारण बाईच्या डोळ्यांत आपल्या सिनेमाच्या नट्यांसारखं काजळ होतं. त्या काळात ही बाई जिकडेतिकडे दिसायची. हिंदी सिनेमातल्या हॉटेलात दिसायची, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर दिसायची, केसांच्या तेलाच्या बाटलीवरही दिसायची. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण ती ओळखीची झाली होती.

आई म्हणाली, "तिथी पाहिजेत, ही बया नको." तिने चित्राचा भाग मागे दुमडला आणि फक्त तारखांचा गठ्ठा भिंतीवर दिसेल असं कॅलेंडर टांगलं.

आई दुपारी झोपली की मी ती दुमड उघडायची. मला समुद्राचं काही वाटायचं नाही. मला एवढंच दिसायचं की ही बाई काहीही काम करत नाही आणि तरी सगळे तिच्याकडे बघतात. मी वर्गाची मॉनिटर होते. खडू, हजेरी, डस्टर, सहलीचे डबे सगळं बघायची, आणि सगळे खडू-डस्टरकडे बघायचे.

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये 'देशोदेशीचे नाच' बसवायचं ठरलं. जपानी पंखेवाल्या, रशियन रुमालवाल्या आणि मधोमध एकटी हवाईची नर्तकी. गाण्याचे सर मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवत वाजवायची ती गिटार वाजवणार होते. नाच बसवणाऱ्या बाईंनी आम्हा दहा-बारा जणींना ओळीत उभं केलं आणि हात लाटेसारखे हलवायला सांगितले. मी हे हात कॅलेंडरसमोर वर्षभर हलवत होते. बाई ओळीतून फिरल्या, माझ्या या चुलत बहिणीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मधोमध."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू सामान बघ. तुझ्याइतकं व्यवस्थित कोणी करत नाही."

ही शाबासकी मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

पोशाख ज्याने त्याने घरून आणायचा होता. कुणी काय आणायचं ते बाई सांगत गेल्या आणि मी चांगल्या अक्षरात एकेकीच्या आईला चिठ्ठी लिहीत गेले. बहिणीची पाळी आली तेव्हा ती तिथे नव्हती. बाई म्हणाल्या, "लिही, हवाई बेटावरची सुंदरी. पोशाख आणि फुलांची माळ." मी लिहिलं, 'हवाई सुंदरी. पोशाख व फुलांची माळ.' लिहून वाचलं. पेन उचललं होतं, एक शब्द वर लिहायला जागाही होती. मी चिठ्ठीची घडी घातली.

आता हे लक्षात घ्यायला हवं की आम्ही राहायचो तिथून सोनेगावचा विमानतळ जवळ. विमान घरावरून गेलं की काकूंच्या मांडणीतली भांडी वाजायची. आमच्याकडे 'हवाई' म्हणजे विमानाचं, आणि 'हवाई सुंदरी' म्हणजे विमानात ट्रे घेऊन फिरणारी मुलगी. दुसरा अर्थ कुणाला सुचणारच नव्हता. ते कॅलेंडर काकूंकडे नव्हतं, आमच्याकडचं दुमडलेलं होतं. बहिणीनेही अर्थ जुळवून घेतला होता. मला म्हणाली, "देशोदेशी जायचं तर विमान लागनच ना वं. म्हणून मले मधात ठेवलं. हे हात म्हणजे विमानाचे पंख." सरांच्या गिटारीला हवाई गिटार म्हणतात हे कळल्यावर तर तिची खात्रीच पटली. विमानात बसल्या बसल्या मांडीवर घेऊन वाजवता येते म्हणून ती हवाई.

मी म्हटलं, "हो, असंल."

माझा बेत साधा होता. ऐन वेळी तिच्याकडे चुकीचा पोशाख निघेल आणि माझ्याकडे बरोबर असेल. प्रत्येक वस्तू एक जास्तीची ठेवायची हा माझा नियम सगळ्या शाळेला माहीत होता, त्यामुळे कुणाला संशय येणार नव्हता. गेल्या उन्हाळ्यात गारव्यासाठी खिडक्यांना लावून पाणी मारायच्या त्या वाळ्याच्या ताट्या आमच्या गच्चीवर गुंडाळून पडल्या होत्या. मी त्यातली एक उसवली. सुतळीच्या दोरीवर वाळ्याच्या जुड्या एकीला एक लागून गाठी मारून बसवल्या. आठ दुपारी लागल्या. आई वर आली आणि म्हणाली, "काय करून राहिली वं उन्हात?"

"शाळेचं काम."

"शाळेत फडे बांधाले लावतात काय आता?"

सुतळीचं माप मी माझ्या कमरेवर घेतलं. नाच मला पाठ होता. तालमीच्या वेळी सामानाच्या पेटीवर बसून मी तो पाहत होते आणि गच्चीवर रोज करत होते, घागरा झाल्यावर तो बांधून.

शेजारच्या भागात काकू मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी स्वतःची निळी साडी काढली, कुठल्याशा मासिकातली जाहिरात समोर ठेवून ब्लाउज शिवला आणि पुठ्ठ्याची निळी टोपी केली. मी गेले तेव्हा त्या टोपीवर चांदीच्या कागदाचे दोन पंख धरून बघत होत्या.

"तू तर यादीवाली. सांग, हे समोर लावू का बाजूले?"

तेवढ्यात विमान गेलं, भांडी वाजली. काकू वर बघून हसल्या. "घ्या, आलं हिचं विमान."

मी म्हटलं, "समोर लावा काकू. छान दिसतील."

चिठ्ठीतल्या शब्दाचं मी मनाला समजावू शकले होते. घाई होती, शब्द राहिला. या वाक्याचं काही समजावता येत नाही.

गॅदरिंग जानेवारीत, दुपारी होतं. हॉलच्या मागच्या खोलीत जपानी मुली पावडर लावत होत्या. बहीण आली. निळी साडी, निळी टोपी, समोर पंख, गळ्यात शेवंतीची माळ, हातात स्टीलचा ट्रे आणि ट्रेमध्ये लिमलेटच्या गोळ्या. आधी एक जपानी हसली, मग सगळ्या.

बाई म्हणाल्या, "हे काय गं?"

"हवाई सुंदरी, बाई."

"अगं, हवाई बेट! बेटावरची बाई! गवताचा घागरा कुठाय?"

"चिठ्ठीत तर हवाई सुंदरी लिहून होतं," बहीण म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने ट्रे सरळच धरला होता.

बाईही माझ्याकडे वळल्या. मी तयार होते. दोन वाक्यं मी आठवडाभर घोकली होती. पहिलं म्हटलं, "घाईत एक शब्द राहिला असेल बाई, पण माझ्याकडे जास्तीचा घागरा आहे." आणि पिशवीतून तो काढला.

दुसरं वाक्य होतं, 'आणि नाच मला येतो.' त्याला वेळच मिळाला नाही. बाईंनी मला जवळ ओढलं. "शाबास! म्हणून तर तुला सामान दिलं. बांध तिला लवकर."

बहिणीने टोपी काढली, साडी सोडली आणि निळ्या परकरावर घागरा बांधायला हात वर करून उभी राहिली. लहान मूल आईसमोर उभं राहतं तशी. घागरा तिला सैल होता. दोरीची टोकं माझ्या हातात होती. एक सैल गाठ पुरली असती, तिसऱ्या गिरकीला घागरा खाली आला असता. मी डबल गाठ मारली, वर सहा पिना लावल्या. हे चांगुलपणाने केलं असं मी म्हणणार नाही. तो घागरा मी बांधला होता आणि मी बांधलेली वस्तू सुटत नाही. वाळा कोरडा होऊन तुटू नये म्हणून बादलीत हात बुडवून पाणीही मी शिंपडलं.

पडदा उघडला. सरांची गिटार सुरू झाली. तिने पहिली गिरकी घेतली आणि ओल्या वाळ्याचा वास हॉलभर पसरला. बाहेर लोक स्वेटर घालून बसलेले, आणि आत मे महिन्याच्या दुपारचा वास. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी मोठ्याने म्हटलंही, "कूलर लावला काय?" हशा झाला, पण तिने त्या हशालाही आपल्या नाचात घेतलं. हात लाटांसारखे हलवायचे होते. तिने लाटा पाहिल्याच नव्हत्या, आता हात म्हणजे विमानाचे पंखही नव्हते, म्हणून तिने माहीत होतं ते केलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून चिमण्या उडवल्या. दोरीवरचे कपडे काढले. ताटीवर पाणी मारलं. ज्याने कधी घर पाहिलं त्याला हे सगळं कळत होतं. मी विंगेत उभी होते आणि प्रत्येक पावलाच्या आधी मला पुढचं पाऊल माहीत होतं. ते हात मात्र मला माहीत नव्हते. मी वर्षभर कॅलेंडरचे हात गिरवले होते.

वन्स मोअर मिळाला.

नंतर मागच्या खोलीत ती घागरा सोडत होती. गाठ तिला सुटेना, मी सोडून दिली. तिने दोरी दोन्ही हातांत धरून माझ्या कमरेकडे पाहिलं, मग दोरीकडे.

"एक विचारू काय वं?"

"काय?"

"जास्तीचा होता, तर हा तुह्या मापाचा काहून आहे?"

मी पिना मोजायला लागले. मग तिने घागरा वर्तमानपत्रात गुंडाळला, माझ्या हातात दिला, ट्रेमधली एक लिमलेटची गोळी वर ठेवली आणि काकूंना भेटायला बाहेर गेली. तिने काकूंना सांगितलं की चिठ्ठी तिनेच नीट वाचली नव्हती. हे मला आईकडून कळलं.

तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर आमचं बरोबरीत सुटलं असतं.

पुढे वाचनालयात एका पुस्तकात त्या बेटांवरच्या नाचाबद्दल वाचलं. त्या नाचात म्हणे हात सांगतात, वारा, पाऊस, घराणं, देव सगळं. कॅलेंडरवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी ते हात सोडून घागरा तेवढा उचलला. म्हणजे त्या दुपारी बहिणीने कॅलेंडर न बघता जे केलं ते खऱ्याच्या अधिक जवळ होतं. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी पुस्तक मुदतीच्या आधी परत केलं.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. यादी अर्थातच माझ्याकडे. हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर तिने मला वही दिली आणि म्हणाली, "लिही वं बाई. पण एकही शब्द गाळू नको." सगळे हसले, कारण मी शब्द गाळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. खरं कारण दोघींनाच माहीत होतं. मीही हसले.

दुपारी पोरींनी गाणं लावलं आणि तिला ओढून मधे नेलं. केस पांढरे झाले आहेत, गुडघा दुखतो, तरी तिने हात उचलले की माणसं बोलता बोलता थांबतात. तिने माझ्याकडे हात लांब केला, अगदी त्या कॅलेंडरसारखा.

"हिलेही येते हा नाच. हिले माह्या आधी पाठ झाला होता. माहीत आहे मले, गच्चीवर फ्रॉकातच नाचताना पाहिलं होतं मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे, एकदम. या एका गोष्टीसाठी मी आठ दुपारी वाळा बांधला होता.

मी वही छातीशी धरली आणि म्हटलं, "तुम्ही करा. मला खुर्च्या मोजायच्या आहेत."

खुर्च्या मी सकाळीच मोजल्या होत्या.