आमच्या गावचा ठरलेला चोर

पोलीस चौकीसमोर खानावळ चालवणाऱ्या बाईला गोष्टी शोधत फिरावं लागत नाही. कोठडीतल्या माणसांना ताट माझ्याकडून जायचं. जाताना भाकरी घेऊन जायचं आणि येताना किस्सा घेऊन यायचं. ताटं घासून पालथी घालता येतात, किस्से तसेच साचत राहतात. आता नातवंडं विचारतात, "आजी, माणूस चोर का होतो गं?" मला काय माहीत? मी फक्त वाढलं. पण यवतच्या पुढं हायवेला लागून असलेल्या आमच्या त्या गावात चोर थोडे होते, आणि चोर का होतो हे सांगणारे घरटी एक!

* * *

आमच्या गावचा चोर ठरलेला होता. त्याचं नाव भिवा.

त्याचं असं झालं. जत्रेच्या दिवशी चार तरण्या पोरांनी काशिनाथ आप्पांचा कोंबडा पळवला आणि ओढ्याला भाजून खाल्ला. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, त्यांचा कोंबडासुद्धा मोठ्या घरचा. पुढं त्या चौघांतला एक सरपंच झाला, एक सोसायटीचा चेअरमन झाला, एक एसटीत कंडक्टर लागला. भिवा चोर झाला. का? तर पिसं त्याच्या सदऱ्याला चिकटलेली सापडली.

तेव्हापासून विहिरीवरची मोटर गेली, भिवाला आणा. केबल गेली, भिवाला आणा. एकदा हरवलेली शेळी आपल्या पायानं घरी आली, तर लोक म्हणाले, "भिवानंच सोडली असंल."

त्याच्या घराची झडती इतक्या वेळा झाली, की पोलीस आले म्हणजे त्याची आई आधीच डबे उघडून ठेवायची. कधी काही सापडलं नाही. पण चोराला मुलगी कोण देणार? भिवानं तिशी ओलांडली. त्याची आई माझ्याकडं भाकऱ्या थापायला यायची. तवा तापेपर्यंत तिचं एकच, "आक्का, माझं डोळं मिटायच्या आत ह्याचे दोनाचे चार हात व्हायला पायजेत."

* * *

अशात नवीन फौजदार साहेब आले. शिकलेले, तरुण. ते म्हणाले, गुन्हेगार जन्मालाच तसा येतो आणि चेहऱ्यावरून ओळखू येतो. भुवया जुळलेल्या असतात, कानाची पाळी गालाला चिकटलेली असते.

भिवाला उभं केलं. साहेबांनी खाली वाकून कान बघितले.

"बघा हवालदार, पाळी चिकटलेली. क्लिअर केस आहे."

आमच्या चौकीचे हवालदार म्हणजे तात्या. जन्म इथलाच, नोकरीही इथंच संपत आलेली. तात्या म्हणाले, "व्हय साहेब. तुमची बी तशीच हाय की."

साहेबांनी भिंतीवरच्या आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

त्या एप्रिलात, उन्हानं डांबर पातळ झालेलं असताना, साहेब कानाला मफलर गुंडाळून बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मावशी, सर्दी झालीय."

* * *

तात्यांचं मत वेगळं. "कान-बिन काय न्हाई, सगळा संगतीचा गुण. चांगला मानूस चोरांत बसला की चोर होतो."

म्हणून ते भिवाला कोठडीत घालत नसत. आत खरे चोर असायचे, त्यांच्यात बसून हा बिघडायचा! त्याला बाहेर, स्वतःच्या टेबलाशेजारी बाकावर बसवायचे. दिवस दिवस भिवा पोलिसांच्या संगतीत, आणि माझ्याकडून एक ताट त्या बाकावर.

एकदा काशिनाथ आप्पा तरातरा आत आले. "माझी मोटर गेली!"

तात्या जेवत होते. बाकावरून भिवानं विचारलं, "बसा. शेवटची कवा बघितली व्हती?"

"काल सांजच्याला."

"बिल हाय?"

"घरी हाय."

"मग बिल घेऊन या. आन् आज येऊ नका, साहेब न्हाईत. उद्या या."

आप्पा उठून दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मागं वळून म्हणाले, "आरं, पण मी तर तुझ्याच नावानं सांगायला आलोय!"

"ते बी उद्याच सांगा," भिवा म्हणाला.

* * *

मग पुण्याहून एक मॅडम आल्या. माणसाच्या मनाचा अभ्यास करायच्या. त्या म्हणाल्या, मूळ बालपणात असतं. लहानपणी ज्याला माया मिळत नाही, तो मोठेपणी वाकडा जातो.

त्यांनी भिवाला विचारलं, "लहानपणी आई मारायची का?"

"न्हाई."

"वडील?"

"न्हाई. खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचे."

मॅडम हिरमुसल्या. तेवढ्यात शेजारून तात्या म्हणाले, "मला मारायचे. चाबकानं. का मारत्यात त्येच कळायचं न्हाई."

मॅडमनी खुर्ची फिरवली. दुपारभर तात्या बोलत होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. भिवानं मध्ये दोनदा त्यांना पाणी दिलं. जाताना मॅडम साहेबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हवालदारांवर जरा लक्ष ठेवा."

* * *

काशिनाथ आप्पांचं आणखी वेगळंच. "गरिबी. दुसरं कारन न्हाई. पोटाला मिळालं की मानूस चोरी करीत न्हाई."

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर त्यांनी हेच भाषण ठोकलं. लाऊडस्पीकर पार भांडगावपर्यंत ऐकू जाईल असा. भाषण रंगात आलं आणि आवाज एकदम बंद पडला.

लाइनमन आला होता. त्यानं वीज चोरायला तारेवर टाकलेला आकडा काढला होता.

आप्पा माइकशिवायच ओरडले, "कुणी काढला रं माझा आकडा?"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब झेंड्याकडं बघत राहिले. आणि तात्यांनी सवयीनं भिवाकडं बघितलं.

भिवाच्या घरी तेव्हा रॉकेलची चिमणी होती.

* * *

एवढ्यात भिवाला स्थळ आलं, कासुर्डीचं. मुलीचं नाव पारू. तिचे वडील, आबा, पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता कॅनॉलच्या पाण्यावर ऊस करायचे. बापलेक यवतच्या बाजाराला आले होते, तसेच पुढं घर बघायला आले. रस्त्यात भिवाचं घर विचारलं, तर गावानं सांगितलं, "घरी कशाला जाताय? चौकीवर असंल."

दोघं माझ्याकडं चहाला टेकले. तात्याही तिथंच होते. त्यांच्या तोंडून भिवाचं सगळं आबांना कळलं. कप अर्धा ठेवून ते उठले. "चल पारू. चोराच्या घरात पोरगी देत न्हाई मी."

भिवाच्या आईची भाकरी तव्यावर करपली.

पारू बसूनच राहिली. तात्यांना म्हणाली, "मामा, त्यांच्या घराची झडती घेतली का तुम्ही?"

"लई येळा."

"काय घावलं?"

"आजपतुर तरी काय न्हाई."

"आन् गावातल्या बाकीच्या घरांची?"

"त्यांची कशाला घ्यायची?"

पारू बापाकडं वळली. "आबा, म्हंजी आख्ख्या गावात तपासून घेतलेलं घर एकच हाय. द्यायचं तर मला तिथंच द्या."

आबा परत बसले. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

* * *

लग्न चौकीच्या मागच्या मैदानात झालं. अक्षता पडल्या, उपरण्याला शालूची गाठ बांधली. मी बुंदीच्या कढईपाशी होते. पंगत मांडायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात काशिनाथ आप्पा मनगट चाचपत म्हणाले, "माझं घड्याळ कुठं गेलं?"

 सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. आबांचा चेहरा पांढरा पडला.

कुणी काही म्हणायच्या आत भिवा पाटावरून उठला. मुंडावळ्या तशाच, पाय अनवाणी. चौकीच्या दिशेनं चालायला लागला. मागं गाठीला ओढ बसली, म्हणून पारूही उठली.

आबा ओरडले, "पारू, सोड ती गाठ!"

पारूनं गाठीला हात घातला. भिवा थांबला, पण मागं वळून बघायचं त्याला धाडस झालं नाही. त्याची आई माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतली.

पारूनं त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली. पदर नीट डोक्यावर घेतला आणि भिवाच्या शेजारी जाऊन म्हणाली, "चला."

बँजोवाल्यांना वाटलं वरात निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँजोच्या मागं पोरं, पोरांच्या मागं सगळं वऱ्हाड, आणि शेवटी झारा हातात घेतलेली मी.

चौकीत ड्युटीवर तात्या एकटेच होते.

भिवा म्हणाला, "तात्या, आप्पांचं घड्याळ गेलं म्हनं. आलोय."

तात्यांनी नवरा बघितला. नवरी बघितली. ती दुहेरी गाठ बघितली. मग बाकावरची आपली टोपी उचलली, बाक फडक्यानं पुसला आणि दाराशी येऊन मला म्हणाले,

"मावशी, इथनं पुढं ताटं दोन लागतील."