जोडीचा घोडा

मी एक्स-रे काढते. बेलापूरच्या एका रुग्णालयात गेली अठरा वर्षं मी लोकांना श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा, एवढंच सांगत आलेय. एकदा आमची सहल उरणजवळच्या एका रिसॉर्टवर गेली होती. जेवणाला वेळ होता म्हणून मी धनुष्यबाणाच्या स्टॉलवर उभी राहिले आणि सवयीनं स्वतःलाच तेच चार शब्द सांगितले. पहिले तीन बाण फळीला लागले. चौथा पाण्याच्या टाकीला लागला, पण तोवर स्टॉलवाल्यांचं माझ्याबद्दल मत होऊन गेलं होतं.

ते साताऱ्याकडचे, घोडदळातून निवृत्त झालेले दफेदार. साठी ओलांडलेली, आणि पाय असे बाहेर वाकलेले की मधून कुत्रं आरामात जावं.

"ताई, हात शांत हाय तुमचा," ते म्हणाले. "घोड्यावर बसून माराल का?"

मी म्हटलं, मी आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलेय, माथेरानला, आणि तेव्हा सगळी वाट रडत होते.

"रडत का हुईना, बसला न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं. आयतवारी या."

मी गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला कुणी 'तुमचा हात शांत आहे' असं म्हणावं, एवढंच बहुधा पुरलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. तो उरणच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात कागदपत्रांचं काम बघतो. आठवडाभर गाडी हाकून जातो आणि येतो, आणि रविवारी नऊपर्यंत झोपणं ही त्याची एकमेव चैन. तो म्हणाला, "घोडा, आणि बाण. दोन्ही एकदम?"

"हळूहळू एकदम," मी म्हटलं.

दफेदार घोडे शिकवत ती जागा आमच्याच बाजूला, खाडीच्या अंगाला होती. जमिनीचे मालक करावे गावचे एक आगरी गृहस्थ. त्यांची शेतं प्लॉटमध्ये गेली, मिठागर गेलं, राहिला तो हा एक तुकडा, कारण मोठ्या भरतीला त्यात पाणी शिरायचं आणि कुणालाच तो नको होता. त्यावर ते घोडे पाळत. गावात त्यांच्या चाळी होत्या, दुकानं भाड्यानं दिलेली होती, पण वडिलांच्या वेळेपासून घरात शर्यतीचे घोडे, ते काही सुटलं नव्हतं. सगळे त्यांना काका म्हणत. काका खुर्ची टाकून बसत, चहा पीत आणि क्वचितच बोलत.

पहिले दोन महिने मला घोडा मिळालाच नाही. एका आडव्या पिंपावर खोगीर बांधलेलं होतं, त्यावर बसायचं आणि डावीकडच्या फळीवर बाण मारायचे. अवघड भाग नेम धरणं नव्हे, बाण दोरीला लावणं. घोडा पळत असतो, नजर पुढच्या फळीवर असते, त्यामुळे बाणाकडे न बघता तो चाचपडून दोरीत बसवावा लागतो. दफेदार मागे उभे राहून म्हणत, "खाली बगू नका. खाली काय न्हाई. बाण हातात हाय, दोरी धनुष्याला हाय, कुटं जात न्हाईत दोगं."

मग मी घरी सराव सुरू केला. आमच्या सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये पिंपाला जागा नाही, म्हणून मी सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसायची आणि मालिका बघत बघत, खाली न बघता, बाण लावायची आणि काढायची. सोडायची नाही. एकदाच सुटला, तो गादीत गेला आणि ती गोष्ट आम्ही उशीखाली ठेवली. नवरा येता-जाता विचारायचा, "सोफा दुडकी चाललाय का चौखूर?" एकदा मी त्याच अवस्थेत असताना सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या वेळेची नोटीस घेऊन आले. दार नवऱ्यानं उघडलं होतं. सेक्रेटरींनी मला पाहिलं, नोटीस त्याच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "मॅडमना काही टेन्शन आहे का?"

तिसऱ्या महिन्यात घोडा मिळाला. बदामी रंगाचा, पोटाला थोडा सुटलेला, चेहऱ्यावर कायम कुणाची तरी वाट बघत असल्याचा भाव. नाव होतं त्याला, पण दफेदार एका नावानं हाक मारत, काका दुसऱ्या, आणि तो दोघांनाही ओ देत नसे.

दफेदार म्हणाले, आधी त्याला धनुष्य ओळखीचं झालं पाहिजे. म्हणून मी रोज संध्याकाळी ड्यूटी संपवून जायची, धनुष्य त्याच्या मानेवरून, पाठीवरून फिरवायची, बाणांची जुडी कानाशी खुळखुळवायची, आणि दोरी ओढून सोडायची. टण् असा आवाज झाला आणि तो शांत राहिला, की एक गाजर. आठवड्याभरात त्याची भीती पूर्ण गेली. मला फार अभिमान वाटला. मग मी त्याच्यावर बसले, आम्ही दोरी बांधून केलेल्या लांब पट्ट्यात चालीनं शिरलो, मी पहिला बाण सोडला. टण् झालं. घोडा जागच्या जागी थांबला, मान वळवून माझ्या गुडघ्याशी आणली आणि तोंड उघडलं.

मी दुसरा सोडला. तो तसाच उभा. तोंड उघडंच.

"काय शिकवलंसा त्याला?" दफेदारांनी विचारलं.

"गाजर," मी म्हटलं.

ते विसरवायला सहा आठवडे गेले. गाजर फक्त पट्ट्याच्या शेवटी मिळतं, आवाजाला मिळत नाही, हे त्याला पटलं, पण त्यानं ते माझ्याकडून झालेला विश्वासघात म्हणून घेतलं, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढची अडचण मोठी होती. घोडा पळेना. चालायचा, दुडकी जायचा, पण पुढे वेग धरायचा म्हटलं की चार ढांगा टाकून मान उजवीकडे वळवायचा आणि मंदावायचा. दफेदारांनी टाच मारून पाहिली, गोड बोलून पाहिलं, फौजेतलंही काही बोलून पाहिलं. मी गाजरांची पिशवी शेवटाला टांगून ठेवली. तो चालत तिथे गेला.

तेव्हा काकांनी कप खाली ठेवला.

"यो एकला नाय धावाचा," ते म्हणाले. "यो जोरीचा हाय. शर्यतीच्या गारीला डावीकरं जुंपायचो त्याला. उजवीकरं दुसरा व्हता, तो मेला. यो आजून त्यालाच बगतंय."

मला एकदम वाईट वाटलं. मी उतरून त्याच्या गळ्यावर हात ठेवला. त्यानं माझ्या खिशात गाजर शोधलं.

दुसरा पळणारा घोडा तिथे नव्हता. एक म्हातारी घोडी होती आणि एक शिंगरू. दफेदार काही वेळ विचार करत उभे राहिले आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहू लागले. तो त्या दिवशी योगायोगानं मला न्यायला आला होता, स्कूटरवर हेल्मेट घालून बसला होता.

"साहेब," दफेदार म्हणाले, "जरा दोरीच्या उजव्या अंगानं गाडी चालवता का?"

नवऱ्यानं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि रिकाम्या मैदानात वीसच्या वेगानं निघाला. घोड्याचे कान उभे राहिले. मला लगाम हलवावासुद्धा लागला नाही. तो चौखूर उधळला, स्कूटरच्या बरोबरीला आला आणि तसाच पळत राहिला, मान सरळ, पाठ अशी मऊ की हातात कप असता तर चहा हिंदकळला नसता. मी बाण मारायचेच विसरले. शेवटाला पोचल्यावर घोड्यानं स्कूटरच्या सीटवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

"हा काय करतोय?" नवऱ्यानं न हलता विचारलं.

"जोडीदार गावला," दफेदार म्हणाले.

त्यानंतर नवऱ्याची रविवारची झोप संपली. सुरुवातीला तो कुरकुरला. मग मी पाहिलं की शनिवारी तो स्कूटर पुसून ठेवतो. एकदा ती दुरुस्तीला गेली होती तर त्यानं शेजाऱ्याची मागून आणली, आणि घोड्यानं ती हुंगून पाठ फिरवली. त्या दिवशी नवरा दिवसभर खुशीत होता.

फेब्रुवारीत काकांच्या ओळखीतल्या घोडेवाल्यांचा उरणच्या किनाऱ्यालगत मेळावा होता. काकांनी परस्पर सांगून टाकलं की आमची बाई पळत्या घोऱ्यावरून बाण मारते. मला दोन रात्री झोप नाही. मैदानात दोरीचा पट्टा बांधला, डावीकडे तीन फळ्या लावल्या, दीडेकशे माणसं जमली. उजवीकडे हेल्मेटमध्ये माझा नवरा. लोकांना वाटलं तो सुरक्षेसाठी आहे.

आम्ही निघालो. श्वास घेतला, धरला, सोडला. पहिला बाण फळीच्या मधोमध लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांनी नवरा गोंधळला. त्याचा हात मुठीवर फिरला आणि स्कूटर एकदम पुढे गेली. घोडा तिच्यामागे. दुसरा बाण वाळूत. पट्टा संपत आला तशी मी ओरडले, "थांब!" तो आणखी जोरात गेला. मी परत ओरडले. तो मैदानाच्या फाटकातून बाहेर पडला, डावीकडचा इंडिकेटर देऊन मोरा बंदराच्या धक्क्याच्या रस्त्याला लागला. घोड्यानं शेवटची दोरी ओलांडली, तिथे ठेवलेल्या गाजरांच्या बादलीकडे न बघता फाटकातून बाहेर, डावीकडे.

एका हातात धनुष्य, तिसरा बाण बोटांत, पाठीला भाता. मी लगाम ओढत होते, पण त्याला आता लगाम म्हणजे काय हे आठवत नव्हतं. रस्त्याच्या कडेला जाळी विणणारे दोघे उठून उभे राहिले. रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि मला नमस्कार केला, कशाबद्दल ते कळलं नाही. नवरा आरशात बघायचा, आरशात घोड्याचं तोंड दिसायचं, की तो वेग वाढवायचा.

धक्क्यावर पोचल्यावर पुढे समुद्र असल्यामुळे तो थांबला. घोडाही थांबला आणि सीटवर हनुवटी ठेवून धापा टाकू लागला. लाँचची वाट बघत माणसं उभी होती. पाटी घेऊन बसलेल्या एका कोळणीनं आमच्याकडे खालून वर पाहिलं.

"लाँचीन घोरा घेत नाय, बाय," ती म्हणाली. "सायकल घेतान."

मी उतरले. नवऱ्यानं हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा पडला होता.

"मी थांब म्हणत होते," मी म्हटलं.

"थांब?" तो म्हणाला. "मला लांब ऐकू आलं. म्हणून लांब गेलो."

मी भांडायच्या बेतात होते, पण हसू आलं ते थांबेना. कोळणही हसायला लागली. मग तोही हसला, पण बऱ्याच वेळानं. परत येताना आम्ही सगळी वाट चालत आलो, मी लगाम धरून, तो बंद स्कूटर ढकलत, मध्ये घोडा. मैदानात काका इतकंच म्हणाले, "पयला लागला ना? मंग झाला."

त्या प्रकारानंतर दफेदारांनी पद्धत बदलली. नवऱ्यानं बरोबरीनं शेवटपर्यंत जायचं नाही, आधी निम्म्यापर्यंत, मग फक्त निघताना दहा-बारा पावलं. मग स्कूटर नुसतीच सुरू करून उभी ठेवायची. पुढे नुसतीच उभी. पावसाळ्यात तर मैदानात पाणी, त्यामुळे चार महिने काहीच झालं नाही आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी घोडा उजवीकडे बघायचा, पण बघणं थोडं थोडं कमी होत गेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी बसनं आले, कारण नवऱ्याला सकाळी गोदामात बोलावणं आलं होतं. तो नंतर येणार होता, पण जासईजवळ ट्रेलर आडवा पडला आणि तो अडकला. घोडा दुडकी चालवून तापलेला होता, दफेदार म्हणाले, एक फेरी तरी मारा. ते स्वतः फोनवर होते, गावाकडे भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. काका चहा आणायला गेले होते. मी घोडा पट्ट्याच्या तोंडाशी आणला. त्यानं उजवीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तो तसाच क्षणभर उभा राहिला, आणि मग निघाला.

पहिला बाण लागला. दुसरा लावताना मी खाली पाहिलं नाही, तो लागला. तिसरा फळीवरून गेला. पट्ट्याच्या शेवटी घोडा आपणहून मंदावला आणि बादलीत तोंड घातलं.

मी वळून पाहिलं. दफेदार पाठमोरे, फोनवर म्हणत होते, "हुंड्याचं नाव काढलं तर तितनंच परत या." फोन संपल्यावर ते आले.

"काय, पळला का?"

"पळला. एकटा."

"किती लागलं?"

"दोन."

त्यांनी घोड्याच्या छातीवरून हात फिरवला, घाम बघितला. "मग उबा नका करू. फिरवा जरा, गार हुंदे."

मी फिरवत असतानाच नवरा आला. मी सगळं सांगितलं. तो खूश झाला, पाठीवर थोपटलं, माझ्या आणि मग घोड्याच्या. थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणजे आता मी नाही आलो तरी चालेल."

मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्या हातातून दोर घेतला. "तू बस, पाणी पी," तो म्हणाला आणि घोड्याला घेऊन कुंपणाच्या कडेनं चालू लागला. काकांनी त्याच्यासाठी दुसरी खुर्ची मांडली आणि चहावर बशी झाकून ठेवली.