वळसा

भाऊ गेल्यापासून रविवारी मी वहिनीकडे गडचांदूरला जातो. काल टीव्हीवर शर्यत लागली होती. उघड्या चाकांच्या बसक्या गाड्या अंडाकृती ट्रॅकवर गरगर फिरत होत्या. आम्ही दोघे भाऊ चुनखडीच्या खाणीत डंपर घेऊन असेच फिरायचो. बक्षीस मात्र फुफाट्याचं!

एक गाडी भिंतीवर आदळली. पिवळा झेंडा निघाला आणि बाकीच्या सगळ्या हळू झाल्या.

“हे गेले तवा तुमचे डंपर बी असेच हळू झाले असतीन ना, भाऊजी?” वहिनीने विचारलं.

खाणीत आमची रीत एकच: कुणाचा डंपर उलटला तरी वळसा घालायचा, खेप चुकवायची नाही. त्या दिवशी मीही वळसा घातला. आत माझाच भाऊ होता, हे मला संध्याकाळी कळलं.

“हो,” मी म्हणालो.