दहा चौरस मीटरचं मेडिकल

आमच्या अंजनगावात गोळ्या मिळतात त्या प्रत्येक दुकानाला लोक मेडिकल म्हणतात. सरकारचं एवढ्यावर भागत नाही. नियमांत या दुकानांच्या तीन जाती आहेत. नोंदणीकृत फार्मासिस्ट नसेल तर ते ड्रग स्टोअर. तो असेल, पण तयार औषधंच विकत असेल, तर केमिस्ट अँड ड्रगिस्ट. जिथं तो स्वतः औषध खलून, मिसळून देतो, त्यालाच पाटीवर फार्मसी लिहिता येतं. शिवाय एकाच दुकानाला परवाने दोन, एक साध्या औषधांचा आणि दुसरा लसी-इन्सुलिनसारख्यांचा. हे मला पाठ आहे, कारण बायकोला मधल्या जातीचं दुकान काढायचं होतं.

तिची फार्मसीची पदविका लग्नाआधीची. लग्नानंतर मी शाळेत गणित शिकवत होतो, ती घरी होती आणि तिचं प्रमाणपत्र अकोल्याला नोकरी करत होतं. तिथल्या एका मेडिकलच्या भिंतीवर ते चौकटीत टांगलेलं असे आणि दर महिन्याला त्याचे पैसे येत. लोकांच्या पोरांची हजेरी काटेकोर घेणारा मी, या गैरहजेरीबद्दल नऊ वर्षं गप्प बसलो. शेवटी तीच अकोल्याला जाऊन चौकट उतरवून घेऊन आली.

"आता ह्याच्याखाली मी सोता उभी राईन," ती म्हणाली. परवाना मिळाला नाही, तर चौकट पुन्हा कोणाच्या तरी खिळ्याला जाणार होती.

किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते. भाड्याची खोली मी मोजली. ३.६० गुणिले २.७४, म्हणजे ९.८६४. जेवायच्या पाटाएवढी जागा कमी. प्लास्टर दीड सेंटिमीटर जाड होतं. चारी भिंतींचं काढलं तर ३.६३ गुणिले २.७७, म्हणजे १०.०५५. दिवाळीच्या सुटीत मी छिन्नी-हातोडा घेऊन चार दिवस भिंती सोलल्या आणि स्वतःवर खूश झालो.

अमरावतीहून निरीक्षक आले. टेप लावला, मान डोलावली. मग विटांवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"प्लास्टर कुठाय? औषधांवर माती पडेल."

"प्लास्टर केलं की जागा कमी भरते, साहेब."

"मग मोठी खोली घ्या."

त्यांची गाडी वळल्यावर बायको म्हणाली, "तुमी शाळेत बी असंच शिकोता का?"

शेजारच्या गाळ्यात आमचे घरमालक चाचा बसत. बियाणं, खतं आणि कीटकनाशकं विकत. ते दारातून सगळं पाहत होते.

"किती कमी पडून राह्यलं, मास्तर?"

"पाटभर."

"तं मधली भीत माह्याकडं सरकवा ना अर्धा फूट."

"तुमची जागा कमी होईल, चाचा."

"माह्या दुकानाले कोन मोजते? इतकी वर्सं जहर विकून राह्यलो, टेप घेऊन कोनी नाई आलं. कितवी शिकले, हे बी नाई पुसलं."

ते खरं बोलत होते. खोकल्याच्या औषधाला पदविका, फ्रिज आणि दहा चौरस मीटर. पिकावरच्या विषाला त्या काळी सही करता आली की पुरे. आणि ती वर्षं अशी होती की तालुक्यात ते विष फक्त किडीच्याच पोटात जात नव्हतं.

भिंत सरकली. ३.६० गुणिले २.८९, प्लास्टर-रंगासकट १०.४०४. परवाने आले. चौकट खिळ्यावर चढली आणि तिच्याखाली बायको उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस आला.

"बाई, चक्कर येऊन राह्यली. एखादी गोळी द्या."

"कोन्तं फवारलं? तोंडाले फडकं बांधलं होतं का? किती वेळ झाला?"

"गोळी द्या ना. बाजूचे चाचा तं काईच पुसत नाई."

"म्हणून तं मी इथं उभी आहो. गोळी नाई भेटत. पह्यले सरकारी दवाखान्यात जा, अन् फवारलेल्या औषधाचा डबा संगं न्या."

तो तिथंच पायरीवर बसला. तिनं नव्या भिंतीवर दोनदा थाप मारली.

"चाचा, ऑटो थांबवा एखादा. तुमचंच गिऱ्हाईक आहे."